जोत्याखालचा वायू : घर बांधण्याआधी जमीन मोजायला हवी

प्लॉट घेताना आपण काय पाहतो? रस्ता, पाणी, सातबारा, फार तर वास्तू. मुरूम किती फुटांवर लागेल ते गवंडी सांगतो. पण त्या जमिनीतून वर काय येतं, हे मात्र कोणी विचारत नाही. ते विचारायला हवं, असा हा विषय आहे.

गोष्ट डिसेंबर १९८४ ची. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात लिमरिक अणुवीज केंद्राचं काम चालू होतं. तिथले इंजिनिअर स्टॅन्ली वॉट्रस कामावर आले की किरणोत्सर्गाची घंटा वाजायची. केंद्रातून वीज निघायला अजून अवकाश होता, मग किरणं आली कुठून? शोध घेता घेता तपास त्यांच्या राहत्या घरापर्यंत पोचला. घराच्या एका घनमीटर हवेत सुमारे एक लाख बेकेरेल रेडॉन निघाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, हा आकडा शक्यतो १०० च्या आत असावा. म्हणजे जवळपास हजारपट! कुटुंबाला घर सोडावं लागलं. जमिनीची आणि घराची दुरुस्ती झाल्यावर ते परत राहायला आले.

हा रेडॉन म्हणजे काय? खडकात, मातीत थोडं युरेनियम असतंच. ते झिजत झिजत रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. उघड्या रानात तो वाऱ्यावर विरून जातो. बंद घराचं तसं नाही. आतली गरम हवा वर जाते, तिच्या जागी फरशीच्या भेगांतून, पाइपाच्या कडेच्या फटींतून जमिनीतली हवा ओढली जाते. ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. देशोदेशी या कॅन्सरपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात, असा आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका न ओढणाऱ्यापेक्षा सुमारे २५ पट!

मोजणी अवघड नाही. जमिनीत सुमारे ८० सेंटिमीटर खोल पोकळ सळई ठोकायची, तिच्यातून मातीतली हवा पिचकारीने ओढायची आणि यंत्रात तपासायची. चेक प्रजासत्ताकात नवं घर बांधण्याआधी अशी मोजणी करून घ्यावी लागते. बांधलेल्या घरात खास फिल्मचा तुकडा असलेली डबी तीन महिने ते वर्षभर ठेवतात. किरणांचे ओरखडे त्या फिल्मवर उमटतात, ते मोजतात. शेजारशेजारच्या दोन घरांतही मोठा फरक निघू शकतो, म्हणून अंदाजाने चालत नाही.

उपायही गवंड्याच्या आवाक्यातला आहे. कोब्याखाली खडीचा थर द्या, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद सांधे जुळवून अंथरा, पाइपाच्या फटी बुजवा. खडीतून एक पीव्हीसी पाइप थेट छपराच्या वर काढा. गरज पडली तर त्याला लहान पंखा बसवतात. वायू घरात शिरण्याआधीच बाहेर पडतो. हे काम पाया भरताना थोडक्यात होतं. नंतर करायचं तर फरशी फोडावी लागते.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे आणि त्यात युरेनियम कमी असतं. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नांदेडचा देगलूरकडचा भाग, सिंधुदुर्ग इथे ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत. अशा खडकात युरेनियम जास्त असू शकतं आणि तिथल्या बोअरच्या पाण्यातही रेडॉन विरघळून येतो. पाणी उघड्यावर उंचावरून टाकीत पडू दिलं की त्यातला बराचसा निघून जातो.

दुसरी गोष्ट, आपली घरं बदलली. कौलाच्या फटींतून, उघड्या दारातून वारा खेळायचा. आता स्लॅब, काचेची तावदानं आणि कुठे कुठे एसीसुद्धा आला. घर पक्कं झालं, पण हवा कोंडली.

मागणी साधी आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. फिल्मने रेडॉन मोजण्याचं ज्ञान भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. निदान ग्रॅनाइटच्या तालुक्यांत शाळा, अंगणवाड्या आणि घरकुलांच्या जागा एकदा मोजून घ्याव्यात. ग्रामसभेत हा ठराव मांडायला पैसे लागत नाहीत. आणि वाचकहो, तोवर तुमच्या हातात आहे ते करा : भेगा बुजवा आणि सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघड्या टाका.