मनालाही वाफसा येऊ द्या



या सदरातून आपण नेहमी बी-बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आज मात्र जिचा सात-बारा कोणत्याही तलाठ्याकडे नाही अशा जमिनीविषयी बोलू. ती जमीन म्हणजे आपले मन.

सन २०१८ च्या खरिपातली गोष्ट. मराठवाड्यात पावसाने दडी मारली होती. एका शेतकऱ्याने कपाशी दाखवायला बोलावले. पाने अरुंद, लांबट, पंज्यासारखी झालेली. पाहताच कळले, टू-फोर-डी लागले आहे. ज्या पंपाने उसात तणनाशक मारले, तोच पंप न धुता कपाशीत वापरला होता. हे औषध कपाशीला जरासेही सोसत नाही. मी रागावलो. म्हटले, "अहो, दरवर्षी सभेत सांगतो, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा म्हणून!"

तो मान खाली घालून उभा राहिला. घरधनीण मात्र म्हणाली, "साहेब, त्यांना बोलू नका. विजेची पाळी रात्रीची. चार रात्री झाल्या, पाणी धरताहेत. दिवसा पाठ टेकावी तर सोसायटीच्या हप्त्याची काळजी. पंप धुवायचा असतो हे त्यांना ठाऊक नाही का?"

मला उत्तर सुचले नाही. नोकरीत शेकडो शेतकऱ्यांना मी मातीची तपासणी केली का, असे विचारले. 'झोप होते का?' असे एकालाही विचारले नव्हते.

मोठा पाऊस झाला की आपण लगेच औत घालत नाही. वाफसा येण्याची वाट पाहतो. मूठभर माती घेऊन गोळा करतो, खाली टाकतो. फुटला तर वाफसा आला. चिखलात औत घातले तर ढेकळे होतात आणि ती वर्षभर त्रास देतात. काळजीने भिजलेल्या मनाचेही तसेच आहे. त्या ओलीत घेतलेला निर्णय, बोललेला शब्द, केलेली फवारणी पुढे ढेकळासारखी टोचते. काळजीचा पाऊस आपल्या हाती नाही. निचऱ्याचे चर काढणे मात्र आपल्या हाती आहे.

पहिला चर झोपेचा. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. रात्रीची पाळी असेल तर दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत ती भरून काढा. मुलाबाळांनी तेवढा वेळ घरात शांतता ठेवावी. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी फवारणी, मळणीयंत्र आणि बाजारातला सौदा, ही तिन्ही कामे शक्यतो टाळा.

दुसरा चर चहा, तंबाखू आणि दारू यांचा. चार वाजल्यानंतर घेतलेल्या चहाचा अंमल रात्रीपर्यंत राहतो. तंबाखूची गोळी लावली की बरे वाटते, ते तलफ भागल्यामुळे. काळजी तिथेच असते, आणि छातीचे ठोके वाढलेले असतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण पहाटेआधीच झोप मोडते आणि मन अधिक खचते.

तिसरा चर चालण्याचा. आपण म्हणाल, "साहेब, दिवसभर राबतो, आणखी चालायचे कशाला?" खरे आहे. पण राबताना डोक्यात कामच असते. संध्याकाळी अर्धा तास खांद्यावर काही न घेता, खिशातला फोन घरी ठेवून, सोबत्याबरोबर सावकाश चाला. परत आल्यावर पाच मिनिटे स्वस्थ बसा. श्वास हळू घ्या आणि त्याहूनही हळू सोडा. एवढ्यानेही छातीतली धडधड उतरते.

चौथा चर वहीचा. देणे मनात ठेवले की रात्री दुप्पट दिसते. आठवड्यातून एकदा नवरा-बायकोने मिळून वही उघडावी. बँक, सोसायटी, दुकानदार. कोणाचे किती, केव्हा द्यायचे, ते लिहावे. आकडा लहान होणार नाही, पण कोणाकडे आधी जायचे, कोणाकडून मुदत मागायची हे तरी ठरेल. कारभारणीपासून कर्ज लपवू नका. तिला ते बहुधा आधीच कळलेले असते.

आणि तिच्याविषयीही. सर्वांआधी उठते, सर्वांनंतर निजते, उरलेसुरले खाते ती तीच. तिच्या चिडण्याला स्वभाव म्हणण्याआधी तिची झोप मोजा. जेवण सर्वांनी एका पंक्तीला घ्यावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. एखाद्याची झोप-भूक दोन आठवडे उडाली, तो माणसांत बसेना, "आता माझा काय उपयोग" असे बोलू लागला, तर हे चर पुरणार नाहीत. त्याला एकटे सोडू नका. जिवाविषयी काही वाईट मनात येते का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मन मोकळे होते. घरातली कीटकनाशके त्याच दिवशी कुलपात घाला आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. खरे तर ती नेहमीच कुलपात हवीत. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही फोन करा, मराठीत बोला. पैसे पडत नाहीत. पिकावर रोग आला की आपण सल्ला विचारतो. मन आजारी पडले तर विचारण्यात कमीपणा कसला?

त्या शेतकऱ्याची कपाशी त्या साली फारशी सावरली नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा गोठ्यात दोन पंप वेगवेगळ्या खुंट्यांना टांगले होते, एकावर लाल रंगाची खूण. मी आधी विचारले, "झोप होते का?" तो हसला. म्हणाला, "साहेब, आधी झोप, मग फवारणी."

आज रात्री निजण्यापूर्वी घरातल्या एकाला तरी हा प्रश्न विचारा. पुढील अंकात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी बोलू.