खुराची दौत आणि खुराची पावती

तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेले हे गाव १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडते. तेथे घोड्याचे मोल त्याच्या चालीवर आणि रंगावर ठरते. रणांगणावर मेलेल्या घोड्याच्या स्मृतीचे मोल मात्र स्वाराच्या हुद्द्यावरच ठरत आले आहे.

जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून गेले की असई फार दूर राहत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढताना आर्थर वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला, तर दुसरा, डायोमेड, भाल्याने भोसकला गेला. डायोमेडचे नाव इतिहासात राहिले. त्या दिवशी दोन्ही बाजूंची जी असंख्य जनावरे पडली, त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूच्या लढाईतील त्याचा घोडा कोपनहेगन १८३६ मध्ये लष्करी इतमामाने पुरण्यात आला आणि त्याच्या एका खुराची पुढे दौत झाली. नेपोलियनच्या मारेंगोच्या खुराची तर चांदीने मढविलेली तपकिरीची डबी झाली!

खूर साध्या स्वाराच्या घोड्याचाही कापला जाई, पण तो आठवणीसाठी नव्हे. ब्रिटिश रिसाल्यात खुरावर घोड्याचा क्रमांक डागलेला असे. घोडा मेल्याचा पुरावा म्हणून तो खूर हिशेबात दाखवावा लागे. सेनापतीच्या घोड्याचा खूर दौत होतो, शिपायाच्या घोड्याचा पावती. वर्गभेद मरणानंतरही सुटत नाही, तो असा.

मराठी फौजेत तरी निराळे काय होते? शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. घोडा मेला आणि दुसरा घेण्याची ऐपत नसली, तर त्याला दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर व्हावे लागे. त्याच्या घरी उरे ते स्मृतिचिन्ह नव्हे, कर्ज. घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराची तर गणतीच नव्हती.

स्मृती जपू नये, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की ती कोणाची जपावयाची? इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाची संस्था धुळ्यात जुनी कागदपत्रे सांभाळून आहे. अशा दप्तरांतील दाणावैरणीचे आणि पागेचे हिशेब लढायांच्या बखरींइतक्याच आस्थेने वाचले गेले पाहिजेत. चांदीच्या दौतीत ज्यांची नावे नाहीत, त्यांचा माग लागलाच तर तेथेच लागेल.