बेकार कोणास म्हणावें ?

न्यायशास्त्राच्या पहिल्या पायरीवर विद्यार्थ्यास लक्षणाचे तीन दोष शिकवितात. कपिल वर्णाची ती गाय, असें लक्षण केलें तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ति. शिंगें असलेली ती गाय, असें म्हटलें तर म्हशीही गोठ्यांत शिरतात, ही अतिव्याप्ति. एका खुराची ती गाय म्हटलें तर एकही गाय सांपडत नाहीं, हा असंभव. ही घटपटाची खटपट आज कशाला, असें वाचक विचारतील. कारण असें कीं, २०२५ सालापासून आपल्या देशांत बेकारीचें प्रमाण दरमहा प्रसिद्ध होऊं लागलें आहे. तो आंकडा वाचून कोणी सुस्कारा टाकतो, कोणी सरकारास दोष देतो; परंतु तो ज्याच्यावर उभा आहे तें बेकाराचें लक्षण काय, हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. आणि त्या लक्षणाची सीमारेषा तर तुमच्या-आमच्या माजघरांतून जाते.

जगांतील बहुतेक देशांत बेकाराच्या तीन अटी मानतात : हातीं काम नाहीं, मिळाल्यास करावयास तो मोकळा आहे, आणि तो काम शोधीत आहे. पहिली अट वाटते त्याहून कडक आहे. गेल्या सात दिवसांत एक तास जरी काम केलें, तरी तो मनुष्य कामावर आहे असें धरितात. खरी मेख तिसऱ्या अटींत आहे. काम नसणें दिसतें; काम शोधणें विचारल्यावांचून कळत नाहीं. वैशेषिकांनीं इच्छा आणि प्रयत्न हे दोन निराळे गुण सांगितले आहेत, तो भेद येथें फार उपयोगीं पडतो. नुसती इच्छा विचारली तर नाहीं कोण म्हणेल ? चांगलें वेतन आणि दुपारची झोप दोन्ही मिळत असतील तर या वयांत आम्हीही हात वर करूं. म्हणून संख्याशास्त्रज्ञांनीं इच्छा सोडली आणि प्रयत्न धरला.

विचारावें कसें, हें मात्र त्यांना ठेंचा खाऊनच उमगलें. अमेरिकेंत मोठ्या मंदीच्या काळीं, १९३७ च्या नोव्हेंबरांत, पोस्टमनकरवीं घरोघर कार्डें वाटण्यांत आलीं. जो बेकार असेल त्यानें तें भरून परत धाडावें, अशी योजना होती. सुमारें ७८ लक्ष बेकारांनीं तीं धाडलीं. पडताळा म्हणून शंभरांतील दोन टपालवाटा निवडून तेथें घरोघर माणसें पाठविलीं, तेव्हां हिशेब एक कोटीच्या वर गेला. म्हणजे आपण होऊन कळवा म्हटलें कीं चौघांतला निदान एक तरी गप्प बसतो. निवडक घरीं जाऊन समक्ष विचारण्याची पद्धत यानंतर रुजली व १९४० त तेथें मासिक पाहणी सुरू झाली. १९६७ मध्यें नियम आणखी आवळला : गेल्या चार आठवड्यांत काम मिळविण्यासाठीं अमुक एक गोष्ट केली, असें सांगतां आलें पाहिजे. अर्ज करणें, मालकास भेटणें, जाहिरातीस उत्तर धाडणें, स्नेह्यासोयऱ्यांकडे शब्द टाकणें हा प्रयत्न. जाहिराती नुसत्या वाचणें हा आज तेथें प्रयत्न समजत नाहींत. चहा घेत घेत ‘पाहिजेत’चें सदर चाळणारे तरुण आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळें या नियमाविषयीं आमची कांहीं तक्रार नाहीं. मुंबईच्या काकांस पत्र लिहिणारा मात्र त्यांत बसतो.

पण प्रश्नाच्या शब्दांत काय दडलेलें असतें तें याच पाहणीनें पुढें दाखविलें. १९९४ पूर्वीं तेथें पहिलाच प्रश्न असा असे कीं, गेल्या आठवड्यांत आपण मुख्यतः काय करीत होतां ? आणि तो विचारणारा समोरचें माणूस पाहून शब्द बदली. पुरुष दिसला तर ‘काम, कीं आणखी कांहीं ?’ आणि गृहिणी दिसली तर ‘घर सांभाळणें, कीं आणखी कांहीं ?’ उत्तर प्रश्नकर्त्यानेंच तिच्या ओंजळींत घातलें. तेंच तिनें परत दिलें. १९९४ त प्रश्नपत्रिका नव्यानें रचली, त्याच्या कारणांत हेंही एक होतें.

आपल्याकडे अडचण आणखी निराळी. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० त सुरू झाली. शेतीप्रधान देशांत बेकारी एका मापानें मोजतां येत नाहीं, असा निर्णय प्राध्यापक दांतवाला यांच्या समितीनें १९७० त दिला. त्यानंतर १९७२-७३ पासून वर्ष, आठवडा व दिवस अशीं तीन मापें आलीं. शिवाय ‘शोधीत होता’ याच्या जोडीला ‘किंवा करावयास मोकळा होता’ हे शब्द आपल्या लक्षणांत आहेत. आम्हांस ते अत्यंत योग्य वाटतात. वैशाखांत मराठवाड्यांतील शेतमजुरास पक्कें ठाऊक असतें कीं गांवांत कोणाकडेच काम नाहीं. त्यानें कोणाचें दार ठोठवावयाचें ? त्याचें न शोधणें हा आळस नव्हे, तें ज्ञान आहे. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय ठरावांतही अशा ठिकाणीं शोधण्याची अट सैल करण्याची मुभा दिलेली आहे.

प्रश्न न विचारतांही मोजणी होते, हें आमच्या महाराष्ट्रानेंच दाखविलें. १९७२-७३ च्या दुष्काळांत सरकारनें कामें काढलीं. १९७३ च्या मे महिन्यांत त्यांवर जवळजवळ पन्नास लक्ष माणसें होतीं, आणि त्यांत बाया पुष्कळ. दुष्काळांत कोण जाणार नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु वि. स. पागे यांच्या पुढाकारानें जी रोजगार हमी योजना आली व जिचा कायदा १९७७ त झाला, तिच्या कामांवर बऱ्या पावसाच्या वर्षींही बाया मोठ्या संख्येनें येत राहिल्या. आदल्या महिन्यांत ‘काम शोधतेस काय ?’ म्हणून त्यांस विचारलें असतें तर किती जणींनीं होय म्हटलें असतें ?

आतां माजघराकडे येऊं. पाहणीसाठीं आलेला मनुष्य ओसरीवर बसतो आणि घरांतील वडील माणूस सर्वांचीं उत्तरें देतें. थोरला बँकेंत, धाकटा शिकतो, आणि सूनबाई ? ‘त्या घरींच असतात.’ तिच्या नांवापुढें ९२ हा अंक पडतो. म्हणजे केवळ घरकाम. ती पदवीधर असेल, शिक्षकाची परीक्षा उतरलेली असेल, मुलगा शाळेंत जाऊं लागल्यापासून कोठें जागा आहे काय म्हणून मैत्रिणींकडे चौकशीही करीत असेल. वडिलांच्या कानावर तें आलेलें नसतें, किंवा आलेलें असून सांगावेंसें वाटत नाहीं. नमुना पाहणीनें १९७७-७८ पासून घरकाम करणाऱ्या स्त्रियांस एक जोडप्रश्न ठेविला : घरबसल्या काम मिळालें तर कराल काय ? २०११-१२ त खेड्यांतील सुमारें एक तृतीयांश, व शहरांतील चतुर्थांशाहून अधिक स्त्रियांबद्दल उत्तर होय असें मिळालें. सर्वांत अधिक पसंती शिवणकामास होती. यांतील एकही बेकारीच्या आंकड्यांत नाहीं. अरुंद लक्षण ठेवावयाचें तर ठेवावें, तुलनेला तें लागतें. पण हा दुसरा आंकडा त्याच्या शेजारीं, तेवढ्याच ठळक टाइपांत छापला पाहिजे, असें आमचें मत आहे.

२०२५ पासून पाहणीसाठीं निवडलेल्या घरीं लागोपाठ चार महिने एकेक भेट होते. पहिल्या भेटीस ओसरीवरून सासरे बोलले आणि दुसऱ्या भेटीस ते बाहेरगांवीं असल्यामुळें सूनबाईच दाराशीं आल्या, तर सरकारी कागदावर एका महिन्यांत एक स्त्री घरकाम सोडून नोकरी शोधूं लागली अशी नोंद होईल. घरांत तर कांहींच बदललेलें नसेल.