सोन्याचा शिपाई

होस्टेलवर सबमिशन सोडून बाकी सगळं जोरात चालतं. 'ट्रॉय' (2004) हा सिनेमा पाहून मी एम-सीलचा अंगठ्याएवढा ग्रीक शिपाई बनवला. त्या काळी तिकडे चिलखतं काशाची असत. ग्रीसमधल्या डेंड्रा इथे 1960 साली सापडलेलं, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं चिलखत काशाच्या पत्र्याचंच आहे. म्हणून सोनेरी रंगाची डबी आणली आणि शिपाई नखशिखांत रंगवून टाकला. रूमवर वाहवा झाली.

दिवाळीत तो मोर्शीला घरी नेला. आजी म्हणाली, "काहून रे, हा तं लग्नातला बँडवाला दिसून रायला!"

"आजी, कासं आहे ते!"

तिने काही न बोलता तळपायाला तेल घासायची काशाची वाटी आणून हातात दिली. 'ब्रॉन्झ म्हणजे कॉपर प्लस टिन' एवढं पेपरात लिहून मी मार्क घेतले होते, पण घरातल्या वाटीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. तिचा रंग एक नव्हताच. घासून घासून बूड चकचकीत, आतून तपकिरी, काठाच्या खाचेत काळपट आणि तिथेच थोडा हिरवा कळंक.

मग शिपाई पुन्हा रंगवला. आधी सगळा गडद तपकिरी. त्यावर सोनेरीत तपकिरी मिसळून फक्त उंचवट्यांवर हात फिरवला, खाचा तशाच ठेवल्या. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर आणि खांद्यांवर शुद्ध सोनेरी. हिरवा फक्त सांध्यात, ठिपक्याएवढा. जास्त झाला तर शिपाई लढाईला निघालेला नाही, जमिनीतून उकरून काढलेला वाटतो.

कुणी म्हणेल, एवढ्याशा बाहुल्यासाठी ही उठाठेव कशाला? माझं म्हणणं असं, की 'सोनेरी म्हणजे भारी' ही आपली सवयच वाईट. किल्ल्यावरच्या मावळ्यांनाही आपण सोनेरी चिलखत चढवतो. शिवकाळातलं चिलखत लोखंडी कड्यांचं असे. 1659 मध्ये अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी ते अंगरख्याच्या आत घातलं, ते मिरवायला नव्हे, जीव वाचवायला.

सोनेरी डबी म्हणजे कॉपी केलेलं जर्नल. वरून झकास, पण वस्तू न पाहताच उतरवलेलं. उद्या साइटवर धातू ओळखायची वेळ येईल तेव्हा ते जर्नल कामाला येणार नाही.

शिपाई माझ्या टेबलावर आहे, जरूर बघायला या. वाटी मात्र मागू नका, आजी ती सोडत नाही!