निकाल दिसला पाहिजे

चैत्र लागला की येरमाळ्याची येडेश्वरी, सोनारीचा काळभैरवनाथ आणि गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू होतात. परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुस्त्यांचे फड भरू लागतात. हंगाम तोंडावर असताना पंच आणि वस्ताद मंडळींशी एका विषयावर स्पष्ट बोलायला हवे. पंचाने दिलेला निर्णय, त्यावर उसळणारी गर्दी आणि या दोन्हींच्या मध्ये सापडलेला मल्ल, हा तो विषय.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत जे घडले ते सर्वांनी पाहिले आहे. गादी विभागातल्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत पाहा, असा शिवराजचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही आणि त्याने पंचांना लाथ मारली. त्याच रात्री अंतिम लढतीत, अवघे काही सेकंद उरलेले असताना, महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

बंदी योग्यच होती. निर्णय चुकला असेल, अगदी ढळढळीत चुकला असेल, तरी पंचाच्या अंगावर हात किंवा पाय टाकण्याची मुभा कोणत्याही मल्लाला नाही. त्या घटनेनंतर कुस्तीतल्या काही जुन्या, मानाच्या माणसांनी लाथेचे उघड समर्थन केले. आपापल्या काळात झालेल्या अन्यायाची जखम त्यामागे होती हे आम्ही समजू शकतो, पण समर्थन मान्य करू शकत नाही. उद्या तालुक्याच्या निवड चाचणीत पंधरा वर्षांचा पोरगा पंचावर धावून गेला, तर त्याला कोणत्या तोंडाने अडवायचे?

मात्र एवढ्यावर थांबलो तर आपण अर्धेच बोललो. शिवराज राक्षे हा आपल्या धाराशिव जिल्ह्याला परका मल्ल नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीचे मैदान धाराशिवला भरले, तेव्हा हर्षवर्धन सदगीरला ६-० असे हरवून त्याने दुसऱ्यांदा गदा मिळवली, ती इथेच. सदगीर स्वतः २०२० चा महाराष्ट्र केसरी. धाराशिवकरांनी ती कुस्ती डोक्यावर घेतली आणि सहा गुणांच्या त्या फरकावर वाद घालायला जागाच नव्हती. पंधरा महिन्यांनी तोच मल्ल पंचावर लाथ उगारतो. त्याला दोष देऊन झाल्यावर एक प्रश्न आपल्यालाही विचारावा लागतो. जिथे त्याला दाद मागता यावी अशी जागा आपण मैदानात ठेवली होती का?

जानेवारी २०२३ चे पुण्यातले कोथरूडचे मैदान आठवा. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची लढत. महेंद्रने बाहेरची टांग मारली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. सिकंदर हरला, आणि पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्रभर पारावर, तालमीत, चहाच्या टपरीवर एकच चर्चा होती: दोन की चार? निर्णय देणाऱ्या पंचांना फोनवरून धमकी येण्यापर्यंत मजल गेली. ती कुस्ती कोणी जिंकायला हवी होती या वादात आम्ही पडत नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. त्या दिवशी चार गुण का दिले, हे मैदानात बसलेल्या हजारोंपैकी किती जणांना कळले?

नियम तुम्हा पंचांना पाठ आहे. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून मागे ताबा घेतला तर दोन गुण. उभ्या कुस्तीतून फेकताना तो थेट धोक्याच्या स्थितीत गेला, म्हणजे त्याच्या पाठीचा गादीशी होणारा कोन नव्वद अंशांच्या आत आला, तर चार. सगळा फरक त्या कोनाचा, आणि तो क्षण पापणी लवण्याइतका. जवळ वाकून उभ्या असलेल्या पंचाला तो एका बाजूने दिसतो, समोरच्या पंचाला दुसऱ्या बाजूने, आणि दूर बसलेल्या शेतकऱ्याला धुळीशिवाय काहीच दिसत नाही. पंच चार बोटे वर करतो, फलकावर आकडा बदलतो, शिट्टी होते, कुस्ती पुढे जाते. लोकांना दिसतो तो फक्त आकडा, आणि आकड्यामागचे कारण न कळलेल्या माणसाला त्यात वशिला दिसू लागतो.

पूर्वीच्या निकाली कुस्तीत ही अडचण नव्हती. वेळेचे बंधन नव्हते, गुण नव्हते. पाठ लागली की कुस्ती संपली आणि ती लागलेली सगळ्या फडाला दिसायची. कोणी हरकत घेतलीच तर ‘पाठ दाखवा’ असा गलका व्हायचा. पंच हरलेल्याला वळवून खांद्यावरची माती लोकांना दाखवायचे. तोही पुरावा पक्का नव्हता, कारण पकड घेताना अंगावर टाकलेल्या मातीने दोघे आधीच माखलेले असायचे. भांडणे तेव्हाही झाली आहेत, फड उधळलेही आहेत. तरी पंच लोकांना काहीतरी दाखवत होता, त्यांच्याशी बोलत होता. गादी आली, गुण आले, घड्याळ आले. मल्ल जगाच्या स्पर्धेत उतरायचा तर ते आवश्यकच होते. पण निर्णय लोकांना समजावून सांगण्याची ती जुनी रीत आपण माती उकरून टाकावी तशी टाकून दिली.

ती परत आणायला खर्च नाही. आपल्याकडे प्रत्येक फडात निवेदक असतो आणि त्याच्या हातात माईक असतो. मल्लाचे गाव, तालीम, वस्ताद, मागच्या कुस्त्या, सारे त्याला तोंडपाठ. त्याच माईकवरून वादाच्या प्रत्येक निर्णयाचे कारण एका वाक्यात सांगितले जावे, आणि ते पंचानेच सांगावे. ‘लाल मल्लाने टांग मारली, निळा थेट पाठीवर गेला, म्हणून चार.’ ‘निळ्याचा पाय रेघेबाहेर टेकला, म्हणून एक.’ कुस्ती थांबलेली असतेच, पाच सेकंद पुरतात. गर्दीचा अर्धा राग कारण न कळल्याचा असतो. उरलेला अर्धा आपला मल्ल हरल्याचा असतो आणि तो राहू द्यावा. लोकवर्गणीतून इनामाची रक्कम उभी करणारा, दोन तालुके ओलांडून टेम्पोतून आलेला, सकाळपासून उन्हात बसलेला माणूस गप्प बसून कुस्ती पाहणार नाही. तो ओरडतो म्हणून फड आहे.

दुसरी गोष्ट दाद मागण्याची. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रशिक्षकाला लढतीत हरकत घेण्याचा अधिकार आहे. तो कोपऱ्यातून स्पंजचा ठोकळा गादीवर टाकतो, चित्रफीत पाहिली जाते. हरकत फोल ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि पुन्हा हरकत घेता येत नाही. म्हणून जबाबदार प्रशिक्षक तो ठोकळा जपून वापरतो. आपल्या जिल्हा निवड चाचण्यांत ही सोय बहुतेक ठिकाणी नाही. कॅमेरे परवडत नाहीत, असे सांगितले जाते. दोन तिपाया आणि दोन चांगले मोबाइल समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावले तरी पुष्कळ दिसते. तेवढे मोबाइल आज प्रत्येक तालमीत आहेत.

चित्रफीत आली की भांडण संपते, असे मात्र कोणी समजू नये. कॅनडाच्या व्यावसायिक फुटबॉलची हकीकत बोलकी आहे. हा फुटबॉल मुख्यतः हातांनी खेळायचा, बारा-बारा खेळाडूंचा. चेंडू झेलणाऱ्याला अडथळा केल्याबद्दलच्या निर्णयावरसुद्धा प्रशिक्षकाने चित्रफीत मागावी, अशी सोय त्यांच्या लीगने २०१४ मध्ये केली. थोड्याच वर्षांत प्रशिक्षक ऊठसूट हरकत घेऊ लागले, खेळ रेंगाळू लागला आणि प्रेक्षक वैतागले. अखेर २०१७ च्या हंगामाच्या मध्यावर लीगने प्रत्येक संघाला सामन्यात एकच हरकत ठेवली. पंचांवरचा तिथल्या चाहत्यांचा राग त्यानंतरही ओसरला नाही. पण दाद मागायची वाट होती, ती मोजकी होती आणि सगळ्यांना ठाऊक होती. अहिल्यानगरात नेमकी हीच वाट हवी होती.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. आपले बहुतेक पंच जुने मल्ल आहेत आणि प्रत्येकाची कुठली ना कुठली तालीम आहे. गुरुबंधूच्या पठ्ठ्याच्या कुस्तीत पंच म्हणून उभे राहिल्यावर निर्णय शंभर टक्के खरा दिला, तरी लोक तो खरा मानत नाहीत. मे २०२२ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत १२५ किलो गटाची लढत शेवटच्या काही सेकंदांत वादात सापडली. हरकतीवर निर्णय द्यायची वेळ आली तेव्हा निर्णय मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य, लढणाऱ्यांपैकी एक मल्ल आपल्याच गावचा आहे म्हणून, आपण होऊन बाजूला झाले. दुसऱ्या ज्येष्ठ पंचांनी चित्रफीत पाहून निर्णय दिला. हरलेल्या सतेंदर मलिकने त्यांच्यावर हात उचलला आणि त्याच्यावर आजन्म बंदी आली. बातम्यांत ती चापट गाजली. आम्हाला मोलाचे वाटते ते आपल्या गावचा मल्ल आहे म्हणून बाजूला होणाऱ्या त्या सदस्याचे वागणे. आपल्या जिल्ह्यात पंचांची यादी लावताना प्रत्येकाच्या नावापुढे त्याची तालीम आणि गाव लिहावे, आणि त्या तालमीचा मल्ल असलेल्या कुस्तीत त्याला उभे करू नये. एवढे केले तरी निम्म्या कुजबुजीला आधारच उरणार नाही.

संघटनांच्या भांडणाचाही पंचाला त्रास होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात पुण्याजवळ फुलगावला आणि आपल्या धाराशिवला, दोन गटांच्या दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. फुलगावच्या अंतिम लढतीत सिकंदर शेखने ज्या राक्षेला हरवले, तोच राक्षे धाराशिवला जिंकला. एकाच किताबाचे दोन मानकरी असतील, तर कोणत्या पंचाचा शब्द अखेरचा मानायचा, हा सामान्य चाहत्याचा प्रश्न वाजवी आहे.

आता वस्तादांना. तुमचा पठ्ठ्या रोज हजार जोर मारतो, सपाट्या मारतो, पण धोक्याची स्थिती कशाला म्हणतात ते त्याला विचारून पाहा. हरकत कधी घेता येते, वेळ संपल्यावर घेता येते का, निष्क्रियतेची सूचना मिळाल्यावर तीस सेकंदांत गुण घेतला नाही तर काय होते, हे तालमीत कोण शिकवते? खाशाबा जाधवांचे उदाहरण आपण कर्तृत्वासाठी नेहमी देतो, ते एकदा यासाठी द्या. १९५२ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत एका गुणाने हरवले गेल्यावर, निर्णय पक्षपाती होता हे म्हणणे त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेले. पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ज्याच्याकडून हरले होते त्या निरंजन दासला चीत केले. त्याच वर्षी हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला उभे केले गेले. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती, पण ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. कांस्यपदक घेऊन आलेला हा गडी, कोपऱ्यात नियम जाणणारा माणूस असता तर कदाचित अजून वर गेला असता. कोपऱ्यात बसणाऱ्याची किंमत इतकी आहे. आणि त्याने डोके गमावले तर काय होते तेही टोकियोत दिसले. २०२१ मध्ये दीपक पुनियाचे कांस्यपदक हुकल्यावर त्याच्या परदेशी प्रशिक्षकाने पंचांना मारहाण केली आणि त्याला ऑलिंपिकमधून हाकलण्यात आले.

यात्रा समित्यांना दोनच विनंत्या. पंचांचे मानधन कुस्ती सुरू होण्याआधी त्यांच्या हातात द्या. आणि लढत चालू असताना आखाड्यात पंच आणि मल्ल यांच्याखेरीज कोणी नको. पाहुण्यांचे सत्कार, फेटे, फोटो दोन कुस्त्यांच्या मध्ये उरका. पंचाच्या पाठीशी चाळीस माणसांचा घोळका उभा असेल, तर त्याला खांदा दिसत नाही आणि लोकांना पंच दिसत नाही.

पंचांनी यात्रा सुरू होण्याआधी एक दिवस एकत्र बसावे, असे आम्ही सुचवतो. कोथरूडची ती टांग आणि अहिल्यानगरचे ते खांदे, या दोन्हींच्या चित्रफिती सर्वांकडे आहेत. त्या आवाज बंद करून लावाव्यात. प्रत्येकाने आपला निर्णय आणि त्याचे एका वाक्यातले कारण कागदावर लिहावे, शेजाऱ्याशी न बोलता. मग कागद एकत्र वाचावेत. जिथे दोन पंचांचे जुळणार नाही, तिथे नियमाचे पान उघडावे, चित्रफीत हळू करून पुन्हा पाहावी आणि एकमत होईपर्यंत पुढची लावू नये. वस्तादांनाही बोलवा, त्यांनाही कागद द्या.