सिनॅप्स, सायकॉलॉजी आणि यवतमाळची फवारणी

सायकॉलॉजी घेणाऱ्या बहुतेकांची एक तक्रार असते. मन, स्वप्नं, स्वभाव असलं काहीतरी शिकायला जावं, तर सुरुवातीलाच न्यूरॉनची आकृती! अ‍ॅक्सॉन, डेन्ड्राइट, सिनॅप्स.. पाठ करा, परीक्षेत काढा, विसरून जा. मला विचाराल तर हे प्रकरण यवतमाळपासून शिकवायला हवं.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात गेले. पऱ्हाटी उंच वाढलेली, हवा दमट, आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली. (हो, विषाला आपण 'औषध'च म्हणतो!) त्यात मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकंही होती. ती शरीरात जाऊन नेमकं काय करतात, ते त्याच कंटाळवाण्या आकृतीत दडलंय.

दोन न्यूरॉन एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये बारीक फट असते, तोच सिनॅप्स. निरोप पलीकडे न्यायला रसायन लागतं. हे १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची नस उत्तेजित करून ते मंद केलं, त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंद झालं. हे रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन.

आता आमच्या भाषेत सांगतो. कीबोर्डवर की दाबली की अक्षर उमटतं, पण बोट उचलायलाही हवं ना? बोट उचलण्याचं काम कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम करतं. त्याचा एक रेणू सेकंदाला अ‍ॅसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. ऑर्गॅनोफॉस्फेट या एन्झाइमलाच जखडून टाकतं. की दाबलेलीच राहते. मग घाम, लाळ, उलट्या, टाचणीएवढ्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. किडीचं जे होतं, तेच माणसाचं. यंत्रणा तीच आहे!

सायकॉलॉजीवाल्यांसाठी खरा मुद्दा पुढे आहे. अ‍ॅसिटिलकोलीन मेंदूतही असतं. त्यामुळे बेचैनी, गोंधळ, असंबद्ध बोलणं हीसुद्धा विषबाधेची लक्षणं असू शकतात. बघणाऱ्याला वाटेल, हा प्यायलाय किंवा घाबरलाय. आणि गंमत म्हणजे अल्झायमरसाठी देतात ते डोनेपेझिल याच एन्झाइमला रोखतं, फक्त मोजून-मापून आणि सुटेल अशा पद्धतीने. एकाच्या आठवणीला आधार, दुसऱ्याच्या जिवावर. फरक मात्रेचा आणि पकडीचा.

म्हणून विदर्भातल्या शेतकऱ्याच्या 'मानसिकते'वर आपण शहरात बसून बोलतो तेव्हा मला खटकतं. कर्ज, नापिकी, नैराश्य हे सगळं खरंच आहे. समुपदेशन हवंच. पण समोरच्याची झोप उडाली असेल, डोकं चालत नसेल, तर 'मनात काय चाललंय'च्या आधी 'फवारणी कधी केली होती?' हा प्रश्न यायला हवा. रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजता येतं. ती तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात व्हायला हवी. ज्याला सिनॅप्स फक्त मार्कांपुरता माहीत आहे, त्याला हा प्रश्न सुचणारच नाही.

'मास्क-हातमोजे घालत नाहीत, निष्काळजी आहेत' असंही तेव्हा खूप ऐकू आलं. दमट उन्हात जाड प्लास्टिकचा कोट घालून, पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालून बघावं एकदा! कातडी आणि श्वास या दोन्ही वाटा उघड्या असताना, रोजंदारीवरच्या माणसाला सावध राहायला सांगणं सोपं. इतकी घातक कीटकनाशकं त्याच्या हातात देऊ नयेत, हे म्हणणं जास्त प्रामाणिक.

असो. कुणी मित्र-मैत्रीण सायकॉलॉजी करत असेल, तर त्यांना ती आकृती पुन्हा एकदा उघडायला सांगा. बघा पटतंय का.