निजायची खोली, कपड्यांची खोली आणि न्हाणी

सुगी पदरात पडली की गावोगाव नव्या घरांचे पाये खणले जातात. ओटा किती रुंद, स्लॅब केवढा, दर्शनी बाजूला रंग कोणता, यावर पुरुषमंडळी तासन्‌तास बोलतात. पण सुनेला लुगडे बदलायला दाराआडचा कोपराच उरतो, बाळंतिणीला भर पावसात रात्री परस ओलांडावे लागते, हे नकाशात कुणी धरीत नाही. भगिनींनो, चुन्याची फक्की पडण्याआधीच बोला. भिंती उठल्यावर गवंडी ऐकत नाही.

शहरी बंगल्यांत निजायच्या खोलीला लागून कपड्यांची खोली व पुढे न्हाणी असते. आपल्याला ती चैन वाटते, पण खरी गरज शेतकऱ्यालाच आहे. खोली १० बाय १२ फुटांची असेल, तर तिच्या १२ फुटी भिंतीलगत ५ फूट रुंदीची पट्टी वाढवा. मध्ये अर्ध्या फुटाची भिंत घातली की एकीकडे साडेपाच फुटांची कपड्यांची खोली आणि दुसरीकडे ५ बाय ६ ची न्हाणी निघते. शौचकूपासह न्हाणीला ३० चौरस फूट जागा पुरते.

आता मुख्य गोष्ट. न्हाणीला दोन दारे हवीत, एक कपड्यांच्या खोलीत आणि दुसरे परसात. रानातून आलेला माणूस चिखलाच्या पायांनी परसातून थेट न्हाणीत शिरेल, अंग धुऊन धुवट कपडे घालील आणि मगच घरात येईल. सासू-सासऱ्यांनाही मुला-सुनेच्या खोलीतून जावे लागणार नाही. दोन्ही दारांना आतून कडी हवीच. फवारणीचे कपडे मात्र या खोलीत क्षणभरही आणू नयेत; ते बाहेरच वेगळ्या बादलीत धुवावेत.

कपड्यांचा वैरी ओल. म्हणून फळ्या न्हाणीच्या भिंतीला कधीच ठोकू नका, समोरच्या भिंतीला घ्या. टांगायच्या कपड्यांना २ फूट खोली लागते. घडीच्या लुगड्यांना सव्वा फूट पुरे. २ फूट फळ्यांना गेले तरी उभे राहून नेसायला साडेतीन फूट जागा उरते. खालचा कप्पा ट्रंकेसाठी मोकळा ठेवा, माळ्यावर गोधड्या जातील. पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मारा असतो, तिथे फळ्या दोन बोटे सुट्या ठेवाव्यात. वर झरोका हवा. डांबरगोळ्यांनी कसर हटेल, पण कुबट वास वाऱ्यानेच जातो. (देवघर जवळ असेल तर भिंत कोणती घ्यायची, यावर घरात वाद होणारच. तो आधीच मिटवा.)

न्हाणीची फरशी कपड्यांच्या खोलीपेक्षा इंचभर खाली आणि खरबरीत असावी. गुळगुळीत फरशी दिसते छान, पण म्हातारी माणसे तिच्यावरच पडतात. ६ फुटांत सव्वा इंच उतार परसाकडे द्या.

दोन खड्ड्यांचा संडास असेल, तर अंघोळीचे पाणी त्या खड्ड्यांत सोडू नका. साबणाच्या पाण्याने खड्डा लवकर भरतो आणि मैला नीट कुजत नाही. ते पाणी वेगळ्या पन्हाळीने केळी-अळूच्या वाफ्याला द्यावे. खड्डे आडापासून जितके दूर, तितके बरे. एक भरला की दुसरा चालू करावा, आणि पहिला दीड-दोन वर्षे उघडू नये. पुढे त्यातले खत माळव्याला घालण्याआधी उन्हात चांगले वाळवून घ्यावे.